डोक्यावरची लाल फुली: लेनवरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या कामाच्या आहेत हे ठरवायचं कशावरून?

मैलदगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. एम-४२ हा माझा रोजचा रस्ता. इथे प्रत्येक लेनच्या बरोबर वर गॅन्ट्रीला, म्हणजे रस्त्यावरून आडव्या गेलेल्या लोखंडी कमानीला, एक पाटी असते. तिच्यावर कधी ४०, कधी ६०, कधी शेजारच्या लेनमध्ये सरका असं सांगणारा तिरका बाण, तर कधी लाल फुली. फुली लागली की ती लेन बंद. पुढे कुणाची तरी गाडी बंद पडलेली असते, अपघात झालेला असतो किंवा माणसं डांबरावर उतरून काम करत असतात.

इंग्लंडमध्ये या प्रकाराची मोठी चाचणी याच रस्त्यावर झाली. २००६ मध्ये जंक्शन ३ए ते ७ या पट्ट्यात गर्दीच्या वेळी हार्ड शोल्डर (बंद पडलेल्या गाड्यांसाठी डाव्या कडेला राखलेली डांबराची पट्टी) चौथी लेन म्हणून उघडायला सुरुवात झाली. प्रवासाचा वेळ बेभरवशाचा राहिला नाही, अपघात घटले, आणि त्या यशाच्या जोरावर देशभर 'स्मार्ट मोटरवे', म्हणजे अशा पाट्यांवर चालणारे द्रुतगती महामार्ग, झाले. २०१४ पासून तर कित्येक ठिकाणी हार्ड शोल्डर कायमचाच लेनमध्ये घेतला. पुढे लोक चालत्या लेनमध्ये अडकून मेले, संसदेच्या समितीने चौकशी केली आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले.

चाचणी चांगली झाली होती, मग पुढे असं का व्हावं? माझं मत सांगतो. चाचणीत गॅन्ट्री आणि गाडी बिघडल्यास थांबायच्या जागा साधारण अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर होत्या. पुढच्या रस्त्यांवर खर्च वाचवायला थांबायच्या जागांमधलं अंतर अडीच किलोमीटरपर्यंत ताणलं आणि पाट्याही विरळ केल्या. म्हणजे गुण मिळाले एका रस्त्याला आणि बांधला गेला दुसराच. त्यातून मोजलं काय, तर मुख्यतः गाड्या किती सुरळीत गेल्या. फुली लागल्यावर लेन किती वेळात रिकामी झाली, गाडी बंद पडल्यापासून फुली लागेपर्यंत किती वेळ गेला, हे मला आधी मोजावंसं वाटतं.

तुम्ही जिथे गाडी चालवता तिथे काय दिसतं? आणि या पाट्यांना मार्क द्यायचे तर तुम्ही कशावर द्याल?

---

घाटवारा

फुली आपल्यालाही नवी नाही की! प्रत्येक टोलनाक्याच्या छपरावर लाल फुली आणि हिरवा बाण असतोच. फुलीच्या लेनमध्ये एक गाडी घुसली की तिच्यामागे दहा लागतात, कारण 'पुढचा उभा आहे म्हणजे चालू असेल'. आपला विश्वास पाटीवर नाही, पुढच्या गाडीच्या डिकीवर आहे. :)

---

सुमेधा_सां

धागा आवडला. संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे 'अपघात घटले' या वाक्यापाशी थांबले.

असे प्रयोग बहुधा जिथे परिस्थिती फार वाईट आहे तिथेच करतात. एखाद्या पट्ट्यात एक-दोन वर्षं अपघात नेहमीपेक्षा जास्त झाले की तिथे पाट्या बसतात. पण तो वाढलेला आकडा काही अंशी निव्वळ योगायोगाचा असतो आणि काहीही न करता पुढच्या वर्षी सरासरीकडे परततो. श्रेय पाट्यांना जातं. म्हणून नुसतं 'आधी आणि नंतर' पाहून भागत नाही. तसाच, तेवढ्याच वाहतुकीचा पण पाट्या नसलेला पट्टा शेजारी ठेवून पाहावं लागतं, आणि आधीची वर्षंही पुरेशी घ्यावी लागतात.

दुसरं म्हणजे जीवघेणे अपघात, सुदैवाने, एका पट्ट्यावर मोजकेच होतात. तेवढ्यावर निष्कर्ष काढायचा तर वर्षानुवर्षं थांबावं लागेल. त्यामुळे मैलदगड म्हणतात ती मोजमापं मला पटतात. फुलीखालून गेलेल्या गाड्या, अचानक लागलेले ब्रेक, शेवटच्या क्षणी बदललेली लेन या गोष्टी रोज घडतात, कॅमेऱ्यात दिसतात आणि माणूस मरायची वाट बघावी लागत नाही.

---

बंड्या_नाशिककर

सुमेधाताईंना +१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

---

सरळमार्गी

मी थेट विरोधात. इतका तामझाम कशाला? हार्ड शोल्डर परत द्या, प्रश्न मिटला. गाडी बंद पडली की डावीकडे घ्यायची. त्याला ना वीज लागते, ना सॉफ्टवेअर, ना कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस. पाटी बिघडली तर जीव जातो. डांबराची पट्टी कधी बिघडत नाही.

---

मैलदगड

@सरळमार्गी, तुमचा मुद्दा इथल्या बहुतेक लोकांच्या मनातला आहे, पण त्याची दुसरी बाजूही बघा. हार्ड शोल्डरवर उभ्या असलेल्या गाड्यांनाही मागून धडका बसतात आणि माणसं जातात. सरकारच्या २०२० च्या आढाव्यात असं दिसलं की हार्ड शोल्डर नसलेल्या रस्त्यांवर बऱ्याच प्रकारचे धोके कमी झाले, पण उभ्या गाडीवर चालती गाडी आदळण्याचा धोका वाढला. बेरीज केली तर रस्ता सुरक्षित म्हणता येतो. पण ज्याची गाडी मधोमध बंद पडलीय त्याला त्या बेरजेचा काय उपयोग? त्याचं सगळं वरच्या फुलीवर अवलंबून आहे. म्हणून तर ती नीट तपासायला हवी असं म्हणतोय.

---

दिवेलागण

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. इंग्लंडमध्येच नर्स आहे. रात्रीची पाळी संपवून येताना माझी गाडी पहिल्या लेनमध्ये बंद पडली. हार्ड शोल्डर नव्हता. धोक्याचे दिवे लावले, डावीकडच्या दाराने उतरले, कठड्याच्या पलीकडे गेले आणि ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला. (उतरणं शक्य नसेल तर पट्टा लावून आतच बसायचं आणि फोन करायचा. सगळ्यांनी लक्षात ठेवा.)

इथे कुणी लिहिलेलं नाही ते सांगायचंय. मी गॅन्ट्रीच्या पुढे उभी होते. तिथून पाटीची फक्त काळी पाठ दिसते. फुली लागलीय की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता. फोनवरच्या बाईंनी 'लेन बंद केली आहे' असं सांगितलं, तरी माझा जीव खालीवर होत होता. हळूहळू मागचे हेडलाइट उजवीकडे सरकायला लागले तेव्हा कळलं की वर काहीतरी लागलंय. त्यानंतरही मधूनच एखादी गाडी पहिल्या लेनमधूनच यायची आणि माझी गाडी दिसल्यावर झटकन बाहेर पडायची. त्या गाडीचा झोत कठड्यावर पडून जायचा. फुली लागलेली असताना.

मला मार्क द्यायला सांगितलं तर मी एकच विचारीन: फुली लागल्यावर त्या लेनमधून शेवटची गाडी कधी गेली?

---

घाटवारा

दिवेलागणताई, वाचून काटा आला. सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

---

सुमेधा_सां

'शेवटची गाडी कधी गेली' हे मी पाहिलेल्या मोजमापांपेक्षा जास्त नेमकं आहे. सरासरीत ९५ टक्के लोकांनी ऐकलं असं येतं आणि अहवाल छान दिसतो. कठड्यामागे उभं असलेल्या माणसाचा प्रश्न उरलेल्या ५ टक्क्यांचा असतो. (हे आकडे फक्त उदाहरणादाखल.)

---

बावीसचाकी

इंग्लंडात लेस्टरला असतो, ट्रक चालवतो. थोडं केबिनमधून.

आम्ही उंच बसतो, पाटी लांबून दिसते. गॅन्ट्रीवर लेनच्या वर असलेली पाटी उत्तम. पण नव्या रस्त्यांवर खूप ठिकाणी डाव्या कडेला एकच मोठी पाटी असते आणि तिच्यावर सगळ्या लेनची चित्रं. पहिल्या आणि दुसऱ्या लेनमध्ये दोन ट्रक जोडीने चाललेत असं समजा. तिसऱ्या लेनमधल्या छोट्या कारवाल्याला ती पाटी दिसणारच नाही, आमच्या ट्रेलरने झाकली. त्याला 'पाटी मानली नाही' म्हणायचं की 'पाटी दिसलीच नाही'? मोजणाऱ्यांनी हे वेगळं काढायला हवं.

आणखी एक. इथे ट्रकला लिमिटर असतो, म्हणजे ताशी ५६ मैलांच्या वर इंजिन गाडी पळवतच नाही. त्यामुळे पाटीवर ६० आलं तर आम्हाला काही फरकच पडत नाही, कारवाले मात्र हळू होतात. ५० आलं की आम्ही पहिल्यांदा पाय उचलतो. ४४ टनांचं धूड थांबवायचं तर आकडा लवकर दिसला पाहिजे. शेवटच्या गॅन्ट्रीला फुली दाखवून उपयोग नाही, त्याच्या आधी बाण, त्याच्या आधी ५०, असं टप्प्याटप्प्याने आलं तर आम्ही सगळे व्यवस्थित बाजूला होतो.

---

सरळमार्गी

आणि उगाच लागलेल्या ४० चं काय? रस्ता मोकळा, पुढे ना गाडी ना माणूस, आणि पाटी म्हणते ४०. दोन-चारदा असं झालं की लोक खऱ्या फुलीलाही मानत नाहीत. लांडगा आला रे आला.

---

मैलदगड

हे अगदी खरं, आणि यातलं थोडं तंत्र सांगतो.

४०-५०-६० हे बहुतेक वेळा माणूस लावत नाही. डांबराखाली तारेची वेटोळी किंवा कडेला रडार असतात, त्यावरून गाड्यांचा वेग कळतो, आणि रांग लागतेय असं दिसलं की मागच्या पाट्यांवर आकडा आपोआप येतो. पुढची रांग विरली तरी आकडा थोडा वेळ राहतो. आपण तिथे पोचतो तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि आपल्याला वाटतं यंत्र खुळं आहे. बदलता वेग लंडनभोवतीच्या एम-२५ वर १९९५ पासून आहे, म्हणजे ही तक्रारही तेवढीच जुनी.

फुलीचं तसं नाही. उभी गाडी रडारने टिपली की कंट्रोल रूममध्ये इशारा जातो, तिथला माणूस कॅमेरा वळवून खात्री करतो आणि मग फुली लावतो. म्हणजे घड्याळ दोन ठिकाणी चालू असतं: यंत्राला कळायला किती वेळ आणि माणसाला ठरवायला किती वेळ. इथे रडारसाठी मापं ठरवून दिली होती, ८० टक्के उभ्या गाड्या ओळखायच्या, त्याही २० सेकंदांत, आणि खोटे इशारे १५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये रस्त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने जाहीर केलं की यंत्रणा त्या मापाला उतरत नाही. पुढे ती सुधारली. पण बघा, माप आधी लिहून ठेवलं होतं म्हणून कमी पडली हे कळलं तरी. मूळ प्रयोगानंतर देशभर रस्ते बांधताना असं माप आधी लिहिलं असतं तर किती जीव वाचले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

---

उट्रेख्तकर

नेदरलँड्समध्ये आहे. इथे मोटरवेवर अशा पाट्या जागोजागी, अगदी जवळजवळ, आणि लोक त्या मानतात. आकड्याभोवती लाल वर्तुळ असेल तर ती कायदेशीर मर्यादा, वर्तुळ नसेल तर रांगेचा इशारा.

गर्दीच्या वेळी उघडणारी जादा लेन इथेही आहे. ती उघडण्याआधी कंट्रोल रूममधला माणूस कॅमेऱ्यांवरून सगळी लेन नजरेखालून घालतो. कुणी उभं नाही ना याची खात्री झाल्यावरच फुली जाऊन हिरवा बाण येतो. तुमच्या एम-४२ वर लेन बंद असताना वर काय दिसतं?

---

मैलदगड

@उट्रेख्तकर, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. इथे नेहमीच्या लेनवरची पाटी कोरी असेल तर अर्थ 'लेन चालू, नेहमीची मर्यादा'. पण हार्ड शोल्डरवरची पाटी कोरी असेल तर अर्थ 'इथे चालवू नका'. एकाच गॅन्ट्रीवर, शेजारी शेजारी, दोन कोऱ्या पाट्या आणि त्यांचे अर्थ उलटे! नियमपुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय, पण ७० मैलांच्या वेगात पुस्तक कोण आठवणार? २०२० च्या आढाव्यानंतर कधी लेन, कधी हार्ड शोल्डर हा प्रकारच संपवायचं ठरलं, चालक गोंधळतात याच कारणाने.

पाटीची परीक्षा घ्यायची तर ती चालू असतानाच नाही, बंद असताना लोक काय समजतात हेही विचारायला हवं.

---

हिमगौरी_मि

मिनेसोटातून. मिनियापोलिसला आय-३५डब्ल्यू या महामार्गावर अशा पाट्या आल्या तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने माना वर करून बघायचो. साधारण अर्ध्या अर्ध्या मैलावर गॅन्ट्री. हिरवा बाण, पिवळं, लाल फुली. वेगाचा आकडा मात्र इथे फक्त सल्ला होता, दंड नाही. सल्ल्याचं काय होतं ते तुम्ही जाणताच. :)

अमेरिकेच्या नियमांत पिवळी फुलीही आहे, म्हणजे 'ही लेन बंद होतेय, निघायची तयारी करा'. आमच्या मंडळाच्या गणपतीत गप्पांत विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला 'जपून चालवा', दुसरी म्हणाली 'लगेच बाहेर पडा', तिसऱ्याला ती बिघडलेली लाल फुली वाटत होती. लाल फुली आणि हिरवा बाण याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. मला वाटतं जितकी चिन्हं कमी तितकं बरं.

---

चित्रलेखक

छोटीशी भर. मला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. सिग्नलला दिव्याची जागा बघून चालवतो. फुली आणि बाण हे आकारच वेगळे असल्यामुळे मला अडचण येत नाही. हिमगौरी म्हणतात ती पिवळी फुली मात्र माझ्यासारख्याला लाल फुलीसारखीच दिसेल. चाचणीला माणसं बोलावताना आमच्यातलेही बोलवा.

---

बंड्या_नाशिककर

अवांतर: हिमगौरी, गणपतीत रस्त्यांच्या पाट्यांवर चर्चा? आरतीला कोण होतं मग? :D

---

हिमगौरी_मि

आरती झाल्यावर, मोदक खाताना! मराठी माणूस परदेशात गेला तरी जेवणाच्या पंगतीत 'कुठल्या रस्त्याने आलात' हा प्रश्न सुटत नाही.

---

घाटवारा

धागा भलतीकडे भरकटायच्या आत पुण्याकडे वळवतो.

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर गॅन्ट्री बसवायला दुपारी १२ ते २ असे ब्लॉक घेत होते, ते आठवत असेल. जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांवरून चलन सुरू झालं. वेग, सीटबेल्ट, लेन तोडणं, सगळं. कारला १००, घाटात ६०. वेगावर फरक दिसतो, कॅमेरा जवळ आला की पाय आपोआप उठतो. पण लेनचं काय? घाटात चढावर तिन्ही लेनमध्ये ट्रक समांतर रांगतात, उजव्या लेनमधलाही हटत नाही. अशा रस्त्यावर उद्या लाल फुली लावली तर ट्रकवाला जाणार कुठे? शेजारच्या लेनमध्ये जागाच नाही. माझं म्हणणं, लेनची शिस्त आधी आणि लेनची पाटी नंतर.

---

बावीसचाकी

@घाटवारा, ट्रकवाल्याची बाजूही घ्या हो. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं किती कठीण ते केबिनमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. पुढचा ट्रक माझ्यापेक्षा हळू असेल तर मी उजवीकडे येणारच. इथे तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आम्हाला बंद आहे आणि ते कसोशीने पाळलं जातं, पण इथे तसा घाटही नाही. घाटात फुली उपयोगी पडेल ती पायथ्याशी. वर गाडी बंद आहे हे खालीच कळलं तर आम्ही तिथेच लेन धरू.

---

सुमेधा_सां

बावीसचाकींचं पटलं. आणि घाटवारा, शिस्त आधी की पाटी आधी हेसुद्धा मोजता येईल. घाटातल्या एका पट्ट्यात आधी फक्त चलन, दुसऱ्यात चलन आणि पाटी. वाहतूक, चढ, ट्रकांचं प्रमाण सारखं असेल असे दोन पट्टे मिळाले पाहिजेत, तेवढीच अडचण.

---

सरळमार्गी

मी अजूनही डांबराच्या पट्टीच्या बाजूचा. पण दिवेलागणताईंचा प्रतिसाद परत वाचला. पट्टी नसेलच तर फुली तरी चोख हवी, एवढं मान्य. आणि फुलीखालून जाणाऱ्याला दंड हवाच.

---

मैलदगड

@सरळमार्गी, तो आहे. इथे जून २०१९ पासून कॅमेऱ्यावरून पकडता येतं, १०० पौंड आणि लायसन्सवर तीन गुण. पण दंडाच्या पावत्या मोजून पाटीची परीक्षा होत नाही. पावत्या वाढल्या म्हणजे लोक बेदरकार झाले की कॅमेरे वाढले, हे त्यातून कळत नाही.

सगळ्यांचं वाचून माझ्या मूळ प्रश्नात भर पडली आहे. मी वेळ आणि लेन रिकामी होणं एवढंच धरून होतो. पाटी झाकली जाते का, आणि कोरी असताना लोक काय समजतात, हे त्यात घालायला हवं. शेवटची गाडी कधी गेली हे तर सगळ्यात वर.

---

घाटवारा

हे आपल्याकडे कुणी मोजतंय का ते बघायचं तर माहिती अधिकारात काय मागू? अर्ज मी टाकतो, रस्ते विकास महामंडळाकडे. १० रुपयांचं तिकीट आणि ३० दिवसांची वाट, एवढंच ना.

---

मैलदगड

'पाट्या उपयोगी आहेत का' असं मत विचारू नका, जन माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही. असलेल्या नोंदीच मागा. एखादा महिना निवडा, पावसाळ्यातला घ्या. त्या महिन्यात घाटात गाडी बंद पडल्याची प्रत्येक घटना नियंत्रण कक्षाला कळली ती वेळ, संदेशफलकावर संदेश लागला ती वेळ, तो काढला ती वेळ. तिन्ही वेळा तास-मिनिट-सेकंदात आणि फलक कोणत्या किलोमीटरवर आहे ते.

---

सुमेधा_सां

आणि फलक बंद किंवा नादुरुस्त होता त्या काळाची नोंद वेगळी मागा. कागद आले की स्कॅन करून इथेच टाका, तक्ता मी करते.

---

दिवेलागण

घाटवारा, अर्जात एक ओळ माझीही घाला: गाडीतल्या माणसांना लेन बंद केल्याचं कळवलं का, आणि कसं.